ओढ्याचं पाणी आणि विद्यापीठाचं वेळापत्रक

जानेवारीचा दुसरा आठवडा. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, पावसानं कायम हात आखडलेलं एक गाव. आमच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर तिथं चालू होतं आणि तिसऱ्या दिवशी पन्नास पोरंपोरी ओढ्यात वनराई बंधारा घालत होती. खताची, सिमेंटची रिकामी पोती घ्यायची, त्यांत ओढ्यातलीच वाळू-माती भरायची, सुतळीनं तोंड शिवायचं आणि विटांचे सांधे चुकवतात तसे थर चढवायचे. काम नेटकं चाललं होतं. पहिल्यांदाच फावडं धरलेल्यांच्या तळहातांना फोड आले होते, पण कुणी कुरकुरत नव्हतं. काठावर शेळ्या घेऊन एक आज्जी बराच वेळ उभी होती. दुपारी आम्ही जेवायला बसलो तेव्हा ती जवळ आली आणि म्हणाली, "पोरांनो, काम ब्येस केलंय. पर दिवाळीच्या आदी याला पायजे हुतं. तवा वढ्याला पाणी हुतं."

आज्जीचं शंभर टक्के बरोबर होतं. वनराई बंधारा पावसाळा सरता सरता, ओढा वाहता असतानाच घालायचा असतो. ते पाणी अडलं की आसपासच्या विहिरींना पाझर लागतो, रब्बीच्या ज्वारीला, हरभऱ्याला एखादी पाळी जास्त मिळते. जानेवारीत त्या ओढ्यात दोन डबकी उरली होती. आम्ही पन्नास जणांनी कोरड्या वाळूवर कोरडी पोती रचली. फोटो उत्तम आले, अहवालही चांगला झाला.

मी तेव्हा कार्यक्रम अधिकारी होतो, त्यामुळे चूक माझीच. शिबिराची तारीख ठरवताना मी परीक्षांचं वेळापत्रक पाहिलं, विद्यापीठाचं परिपत्रक पाहिलं, अनुदान कधी येईल याचा अंदाज घेतला, गावातली शाळा मुक्कामाला कधी मिळेल ते विचारलं. ओढा पाहिला नाही. गावात कुणाला विचारलंही नाही. त्या दिवसापासून विद्यार्थ्यांच्या समाजसेवेबद्दल माझं एक मत पक्कं होत गेलं, ते इथं मांडतो: आपण ही सगळी व्यवस्था सेवा देणाऱ्याच्या सोयीनं बांधली आहे. ज्याला ती हवी आहे त्याच्या गरजेनं ती पुन्हा बांधली नाही, तर क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) वाढवून, पोर्टल काढून, प्रमाणपत्रं छापून काहीही साधणार नाही.

योजना वाईट नाही, हे आधी सांगायला हवं. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली, ३७ विद्यापीठांत आणि ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन. त्याआधी वीसेक वर्षं देशात या प्रश्नाचा खल चालला होता. १९५९ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष आपले चिंतामणराव देशमुख होते. शाळा संपवून कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकानं नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी आणि ती सक्तीची असावी, अशी त्या समितीची शिफारस होती. पुढच्याच वर्षी के. जी. सैयदैन यांनी अनेक देशांतल्या पद्धतींचा अभ्यास करून सांगितलं की, सुरुवात तरी ऐच्छिकच असावी. सरकारनं सैयदैन यांचं ऐकलं. मला वाटतं, बरं केलं. देशमुखांची तळमळ खरी होती, पण सक्तीनं पाठवलेले लाखो तरुण एकदम सामावून घेईल अशी गावाकडची यंत्रणा तेव्हा नव्हती आणि आजही नाही.

आजचा नियम साधारण असा. स्वयंसेवकानं दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास द्यायचे. शिवाय एक सात दिवसांचं शिबिर. शंभर मुलांमागे एक कार्यक्रम अधिकारी, तोही स्वतःचे तास सांभाळून हे काम करणारा प्राध्यापक. योजनेच्या मार्गदर्शिकेत या १२० तासांची फोडही आहे: २० तास ओळख आणि प्रशिक्षण, ३० तास कॉलेजच्या आवारात, उरलेले ७० तास लोकांमध्ये. कागदावर ही वाटणी शहाणपणाची आहे. प्रत्यक्षात त्या ७० तासांचं काय होतं, हे मी नऊ वर्षं जवळून पाहिलं आहे. जागतिक अमुक दिवस, राष्ट्रीय तमुक सप्ताह, पंधरवडा, रॅली, शपथ, पथनाट्य. परिपत्रक सोमवारी येतं, कार्यक्रम बुधवारी होतो, फोटो गुरुवारी अपलोड करायचे असतात. यातला कुठलाही कार्यक्रम कुणी मागितलेला नसतो. मुलं येतात, टोप्या घालतात, हातात फलक धरतात आणि तास भरतात. 'तास भरणे' हा शब्द आमच्या खात्यात इतका रुळला आहे की तो खटकेनासा झाला आहे, याचं मला वाईट वाटतं.

आता नवीन शैक्षणिक धोरणामुळे या तासांना क्रेडिट मिळू लागलं आहे. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या कामात ३० तासांना एक क्रेडिट, म्हणून ६० तासांना दोन. फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचे प्रकल्प पदवीच्या आराखड्यातच आले आहेत. मुंबई विद्यापीठासारख्या ठिकाणी सेवा योजनेच्या मुलांना दहा गुणांची सवलत तर जुनीच आहे. यावर दोन प्रकारची नाराजी ऐकू येते. जुने कार्यकर्ते म्हणतात, गुणांसाठी केली ती सेवा कसली? तरुण प्राध्यापक म्हणतात, आता सगळेच येणार, हजेरी कुणी घ्यायची?

पहिली नाराजी मला पटत नाही. दहा गुणांसाठी आलेली आणि पुढे कामात रमलेली कितीतरी मुलं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. माणूस कशासाठी आला यापेक्षा आल्यावर त्याच्या हाती काय पडलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खरं काम हाती पडलं तर तो थांबतो. फलक पडला तर गुण घेऊन जातो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

दुसरी नाराजी मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. क्रेडिट आलं म्हणजे संख्या वाढणार, आणि संख्या वाढली की कॉलेजं मोजायला सोपं तेच काम काढणार. झाडं किती लावली ते मोजता येतं. त्यातली किती मेमध्ये जगली, हे पाहायला मेमध्ये जावं लागतं, आणि मेमध्ये कॉलेज बंद असतं.

हे मेचं प्रकरण झाडांपुरतं नाही. रक्तदानाचं उदाहरण घ्या, कारण कॉलेजातला विद्यार्थी सहज करू शकेल आणि ज्याच्या उपयोगाबद्दल शंका नाही असं हे काम आहे. शिबिरं केव्हा होतात? २४ सप्टेंबरला सेवा योजनेच्या स्थापनादिनी, २ ऑक्टोबरला, १२ जानेवारीला, संस्थापकांच्या जयंतीला. एकेका दिवशी शहरातल्या पाच-सहा कॉलेजांत एकदम. रक्त काही गोदामात रचून ठेवता येत नाही. पिशवीतल्या रसायनानुसार ते ३५ किंवा ४२ दिवस टिकतं, प्लेटलेट तर पाचच दिवस. पुरुषाला एकदा दिल्यावर तीन महिने आणि बाईला चार महिने पुन्हा देता येत नाही. म्हणजे एकाच दिवशी सगळ्यांनी दिलं की सगळे एकदमच पुढच्या तीन-चार महिन्यांसाठी बाद. मग एप्रिल-मे येतो, परीक्षा आणि सुट्ट्या लागतात, मुलं गावी जातात, आणि दरवर्षी राज्यातल्या रक्तपेढ्यांमधून तुटवड्याच्या बातम्या येऊ लागतात. थॅलेसेमिया झालेल्या लेकराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्याला उन्हाळ्याची सुट्टी नसते.

यावरचा उपाय अवघड नाही. रक्तपेढीला विचारायचं, वर्षाच्या कोणत्या आठवड्यात तुमच्याकडे किती कमी पडतं. त्याप्रमाणे शंभर मुलांचे दहा गट करायचे आणि प्रत्येकाला आपापला महिना द्यायचा. मेच्या गटात कॉलेजच्या गावातच घर असलेली मुलं घ्यायची. एका पानावर मावणारं वेळापत्रक आहे. पण त्यात व्यासपीठ नाही, पाहुणे नाहीत, फीत कापणं नाही आणि 'एका दिवसात अमुक बाटल्या' असा आकडा नाही. म्हणून ते होत नाही.

एक अनुभव माझ्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतला. मी एफवायला होतो आणि टीवायला असलेल्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याचा लेखनिक म्हणून त्याचे पेपर लिहायला बसलो होतो. खोलीत आम्ही दोघं आणि एक पर्यवेक्षिका बाई. मी प्रश्न दोनदा वाचायचा, तो डोळे मिटून क्षणभर गप्प राहायचा आणि मग सांगायला लागायचा. भराभर नाही, अगदी माझ्या पेनाच्या आवाजावर कान ठेवून. पेन थांबलं की पुढचं वाक्य. कुठं स्वल्पविराम, कुठं नवा परिच्छेद, तेही तो सांगायचा. तिसऱ्या प्रश्नात एका वाक्याशी तो अडखळला. मला तो विषय थोडाफार येत होता. तो शब्द शोधत असताना मी ते वाक्य माझ्या मनानं पुरं करून टाकलं, आणि खरं सांगतो, चांगलं केलं होतं. उत्तर संपल्यावर त्यानं नेहमीप्रमाणे वाचून दाखवायला सांगितलं. त्या वाक्याशी आल्यावर त्यानं हात वर केला. "हे मी म्हणालो नव्हतो. खोड." मी म्हणालो, "अरे, अर्थ तोच आहे." तो शांतपणे म्हणाला, "असू दे. माझे मार्क माझ्या वाक्याचे पाहिजेत." मी खोडलं. मग त्यानं स्वतःचं वाक्य सांगितलं. माझ्यापेक्षा साधं होतं. मी ते लिहिलं.

त्या तीन तासांत, त्याला नियमानं मिळणाऱ्या तासामागे वीस मिनिटांच्या जादा वेळेसकट चार तासांत, मी जे शिकलो ते नंतरच्या कुठल्याच शिबिरातल्या बौद्धिकात मला कुणी शिकवलं नाही. मदत करणारा हुशार असतो, उत्साही असतो, आणि दुसऱ्याचं वाक्य आपल्या मनानं पुरं करायची त्याला फार घाई असते. आपण गावात जाऊन हेच करतो. गावाला काय हवं ते गाव अजून सांगत असतं आणि आपण त्याचं वाक्य पुरं करून, फोटो काढून, एसटीत बसून परत आलेलो असतो. 'दत्तक गाव' हा शब्दही मला त्यासाठीच नको वाटतो. चारशे वर्षं नांदत्या गावाला दत्तक घेणारी वीस वर्षांची मुलं कोण?

लेखनिकांची गरज आजही प्रचंड आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरातल्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला विचारा, परीक्षेआधीचे पंधरा दिवस तो अभ्यासापेक्षा लेखनिक शोधण्यात जास्त घालवतो. अडचण पुन्हा तीच: त्याची परीक्षा असते तेव्हाच सगळ्यांची परीक्षा असते. पण एकाच शहरात कला-वाणिज्यच्या, इंजिनिअरिंगच्या आणि कृषी महाविद्यालयांच्या परीक्षा एकाच आठवड्यात येत नाहीत. जिल्ह्यातल्या सगळ्या सेवा योजना विभागांनी मिळून लेखनिकांची एकच यादी केली, कोण कोणत्या तारखांना मोकळा आहे ते त्यात लिहिलं, तर हा प्रश्न खूपसा हलका होईल. एका पेपरला चार तास. १२० तासांत तीस पेपर होतात. मला तरी याहून चोख हिशेब माहीत नाही.

अशी मागणी असलेली कामं शोधायला लांब जावं लागत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी नऊ वाजता जाऊन उभं राहा. खेड्यातून आलेला माणूस केसपेपर कुठं काढायचा, एक्स-रे कुठल्या मजल्यावर, महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर कोणती कागदपत्रं लागतात, हे विचारत फिरत असतो आणि तोवर ओपीडी बंद होते. तिथं रोज दोन विद्यार्थी आळीपाळीनं असावेत, एवढंच.

किंवा साखर कारखान्यांच्या परिसरातली कॉलेजं पाहा. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, करून राहतात. त्यांची लेकरं वर्षाच्या मधोमध शाळेतून उठून आलेली असतात. त्या चार-पाच महिन्यांत कॉलेजचं दुसरं सत्र चालू असतं, मुलं गावातच असतात, कोप्या सायकलच्या अंतरावर असतात. आई-बाप फडात गेल्यावर धाकटं भावंड सांभाळत बसलेल्या पोरीला संध्याकाळी तासभर वाचन शिकवायचं, तेही एकाच विद्यार्थ्यानं पूर्ण हंगाम, याला किती क्रेडिट द्यायची ते विद्यापीठानं ठरवावं. मी तर सगळीच देईन. इथं वेळापत्रकाचं भांडणसुद्धा नाही. आणि तरीही अशा कॉलेजांपैकी कितीतरी आपलं शिबिर चाळीस किलोमीटरवरच्या गावात नेतात, कारण शिबिर निवासी हवं असतं.

सातत्याचा मुद्दा इथंच येतो. बाबा आमट्यांनी १९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मेच्या रणरणत्या उन्हात तरुण तिथं जातात. एकच जागा, दरवर्षी, आणि त्या जागेला माहीत असतं की या वर्षी कोणतं काम काढायचं आहे. येणारी मुलं बदलतात, काम पुढं सरकत राहतं. आमच्याकडे उलटं आहे. गाव दोन-तीन वर्षांनी बदलतं, काम दरवर्षी नव्यानं सुरू होतं, आणि मागच्या गावात काय झालं हे विचारायला कुणी जात नाही.

आता एक बाजू अशी आहे की जिच्याकडे दुर्लक्ष केलं तर वरचं सगळं पोकळ ठरेल. आमच्या वर्गातली कितीतरी मुलं कॉलेज सुटल्यावर पेट्रोल पंपावर, मेडिकलच्या दुकानात, घरोघरी पार्सल पोचवण्याच्या कामावर जातात. मुली घरचा स्वयंपाक आणि धाकटी भावंडं सांभाळून येतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत 'कमवा आणि शिका' रुजवलं ते अशाच मुलांसाठी, आणि त्यांच्या नावानं अशी योजना आजही विद्यापीठात चालते. सात दिवस रजा घेऊन शिबिराला ये, असं या मुलाला सांगणं म्हणजे सात दिवसांची मजुरी सोड म्हणणं आहे. शासनाकडून कितीतरी वर्षं या संपूर्ण शिबिरासाठी माणशी ४५० रुपये मिळायचे, म्हणजे दिवसाला ६५ रुपयेही नाहीत. त्यात राहणं, दोन वेळचं जेवण, नाष्टा, प्रवास. उरलेलं कार्यक्रम अधिकारी आपल्या खिशातून नाहीतर गावाच्या उदारपणावर भागवतो. कष्टाळू गावांनी आम्हाला पोटभर भाकरी घातली आहे, पण त्याचा अर्थ असा की सेवा करायला गेलेल्यांची सेवा गावानं केली.

म्हणून माझं म्हणणं, ज्याला सात दिवस सलग देता येत नाहीत त्याचे आठवड्याचे दोन तास तितक्याच मोलाचे धरा. प्रवासखर्च आणि जेवण नियमानं द्या. आणि जो मुलगा स्वतःचं शिक्षण स्वतः कमावतो आहे, त्याला समाजसहभागाचा धडा शिकवायच्या आधी त्याच्या कष्टालाही काही क्रेडिट देता येईल का, याचा अभ्यासमंडळांनी प्रामाणिक विचार करावा.

काही जण म्हणतील की विद्यार्थ्यांकडून फुकट काम करून घेणं म्हणजे पगारी माणसांच्या पोटावर पाय. हा आक्षेप काही बाबतींत खरा आहे. रस्ते झाडणं हे नगरपालिकेच्या कामगाराचं काम आहे, त्याच्या हातात मोजे आणि महिन्याच्या महिन्याला पूर्ण पगार पडावा यासाठी मुलांनी आवाज उठवला तर ती मोठी सेवा होईल. त्याचा झाडू अर्धा तास हातात घेण्यानं त्याचं काहीच भलं होत नाही. पण लेखनिक, रुग्णालयातला सोबती, कोपीवरचा शिक्षक या जागा कुणाच्या पगारातून काढून घेतलेल्या नाहीत. त्या रिकाम्याच आहेत.

एक ठोस गोष्ट विद्यापीठांना उद्यापासून करता येईल. शिबिराच्या आणि प्रकल्पाच्या प्रस्तावाच्या फॉर्मवर तारीख, स्थळ, विद्यार्थीसंख्या, अपेक्षित खर्च असे रकाने असतात. त्यात आणखी दोन वाढवावेत: हे काम कुणी मागितलं, आणि त्यांना ते कधी हवं आहे. आणि शेवटच्या मूल्यमापनातले निम्मे गुण त्याच माणसाच्या हाती द्यावेत. तो सरपंच असेल, परिचारिका असेल, दृष्टिहीन विद्यार्थी असेल, ऊसतोडणी करणारी बाई असेल. तिला सही येत नसेल तर अंगठा चालेल. प्राचार्यांच्या सहीपेक्षा मला तो अंगठा जास्त भरवशाचा वाटतो.

आम्ही त्या गावात परत गेलो. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी-रविवारी, दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत. पन्नास मुलं आली नाहीत, बावीस आली. त्याला शिबिर म्हणता येत नव्हतं, म्हणून अनुदान नव्हतं, तास नियमित कामात लिहिले. गावातले सहा-सात जण पाण्यात उतरले, कारण पोतं कुठं ठेवलं की टिकतं ते त्यांनाच ठाऊक होतं. रविवारी दुपारी चारच्या सुमाराला पाणी तिसऱ्या थराला टेकलं.

मी आता कार्यक्रम अधिकारी नाही, पण त्या गावाचं काम चालू आहे. सरपंचांना फोन करायची जबाबदारी यंदा एसवायच्या एका मुलीकडे आहे. ऑगस्टपासून दर पंधरवड्याला ती एकच विचारते, ओढ्याला पाणी किती आहे.